वेशीतला देव

माघ पौर्णिमा जवळ आली की बालाघाट स्टेशनावर पिवळे गमछे आणि पिवळ्या साड्या दिसू लागतात. बैहर, परसवाडा, लांजी या भागांतली गोंड कुटुंबे निघालेली असतात. कुणी रस्त्याने आमगाव-सालेकसा करीत जातात, कुणी गोंदियाला गाडी बदलून हावडा मार्गावरची पॅसेंजर धरतात आणि दरेकसाला उतरतात. तिथून धनेगाव, आणि धनेगावाहून कचारगडचा डोंगर. पाठीवर शिधा, कडेवर लेकरू, हातात सप्तरंगी झेंडा. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, सगळीकडची माणसे त्या गुहेपाशी गोळा होतात.

त्या गुहेची कथा दाराची आहे. काली कंकालीची तेहतीस मुले शंभूने या गुहेत कोंडली आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली, असे गोंड परंपरा सांगते. पारी कुपार लिंगोने मार्ग काढला. हिरासुका पाटालीर बाहेर बसून किंगरी वाजवू लागला. सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, सगळ्यांनी मिळून आतून रेटा दिला, तेव्हा कुठे शिळा हलली. हलली ती हिरासुकावरच कोसळली. एकेकट्याने ती हललीच नसती, हे तिथे जमलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ऐंशीच्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी या जागेचा मागोवा घेतला, आणि विखुरलेल्या एका समाजाला वर्षातून एकदा एकत्र उभे राहायला ठिकाण मिळाले.

आता सरळ विचारायचे तर या माणसांना तिथवर जाण्याचे कारण काय? पूर्वजांना घरात जागा आहे, कुळाचे पेन, म्हणजे देव, गावच्या पेनठाण्यात आहेत. शेतीची कामे टाकून, भाडे खर्चून, थंडीत उघड्यावर रात्र काढून जे मिळते ते घरच्या कोपऱ्यात मिळत नाही का?

या प्रश्नाला जगाच्या धर्मग्रंथांत जी उत्तरे आहेत, त्यांतले सगळ्यात धीट उत्तर बायबलच्या स्तोत्रसंहितेत आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सत्त्याऐंशीवे. अवघ्या सात वचनांचे, एका दमात वाचून होणारे. याकोबाच्या वंशाची जेवढी घरे आहेत त्या सगळ्यांपेक्षा सियोनेच्या वेशीवर परमेश्वराचा जीव अधिक आहे, असे ते सुरुवातीलाच सांगून टाकते. याकोबाची घरे म्हणजे काही पाखंड्यांची घरे नव्हेत. तीही देवाचीच माणसे. त्या घरांत शब्बाथ पाळला जातो, लेकरांना नियमशास्त्र शिकवले जाते, जेवणाआधी आभार मानले जातात. त्या सगळ्यावर देवाचे प्रेम आहेच. तरी घरांपेक्षा वेस त्याला अधिक लाडकी.

वेस हा शब्द मराठी माणसाला उलगडून सांगायला नको. गावात शिरायची ती जागा. तिथे मारुती, तिथे पार, जवळपास चावडी. वरात वेशीत थांबते, पालखी वेशीत थांबते, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचे असते. प्राचीन इस्राएलातही वेस अशीच भरलेली असे. वडीलधारे तिथे बसत, तंटे तिथे सुटत, व्यवहाराला साक्षीदार तिथे मिळत. मवाबातून आलेली परकी विधवा रूथ हिच्या लग्नाचा आणि शेताचा निकाल बवाजाने दहा वडिलांना बसवून वेशीतच लावून घेतला, आणि त्याच घरात पुढे दावीद राजा जन्मला. स्तोत्रकार गाभाऱ्याचे नाव घेऊ शकला असता, वेदीचे घेऊ शकला असता. त्याने नाव घेतले ते सगळ्यांची ये-जा असलेल्या जागेचे.

आणि त्याला ते सुचावे यालाही कारण आहे. हे स्तोत्र कोरहाच्या वंशजांच्या नावावर आहे. कोरह म्हणजे मोशेविरुद्ध बंड करून उठलेला, धरणीने गिळलेला माणूस. त्याचे पुत्र मात्र वाचले, अशी नोंद गणनेच्या पुस्तकात आहे. त्याच घराण्याकडे पुढे मंदिरात दोन कामे आली: गाणे आणि दार राखणे. बंडखोराचे वंशज देवाच्या घराचे द्वारपाल झाले. चौऱ्याऐंशीवे स्तोत्रही त्यांचेच. दुष्टांच्या तंबूत सुखाने राहण्यापेक्षा देवाच्या उंबऱ्याशी उभे राहणे बरे, हा त्यातला भाव. रोज पहाटे दार उघडणाऱ्याने, कोण येते, कसे येते, पाय ओढत येते की धावत, हे पिढ्यान् पिढ्या पाहणाऱ्याने केलेली ही कविता आहे.

दार राखणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. येणारे सगळे आपल्यातलेच नसतात. सत्त्याऐंशीव्या स्तोत्राचा पुढचा भाग चकित करणारा आहे. परमेश्वर नोंदवही उघडून बसला आहे आणि सियोनेत जन्मलेल्यांची नावे लिहितो आहे. ती नावे कुणाची? राहाब, म्हणजे गुलामगिरीत डांबणारा मिसर. बाबेल, ज्याच्या सैन्याने मंदिर जाळले. पलिष्टी, पिढीजात वैरी. सोरचे व्यापारी, दूरच्या कूश देशाचे लोक. हे सगळे इथेच जन्मले, अशी नोंद देव स्वतःच्या हाताने करतो. ज्या वेशीवर त्याचे प्रेम आहे ती वेस अशी आहे.

बालाघाटच्या माणसाला नोंदवहीचे मोल चांगले ठाऊक आहे. हा जिल्हाच मुळी इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून केलेला. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात तो नव्वदेक वर्षे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रेघ ओढली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात. वैनगंगा पहिल्यासारखीच खाली भंडाऱ्याकडे वाहत राहिली, पोवारी बोलणारी सोयरीक गोंदिया-बालाघाट अशी दोन्हीकडे राहिली, वारासिवनीजवळच्या रामपायलीच्या राममंदिरात कार्तिक पौर्णिमेला चंदन नदीकाठी दोन्हीकडचे लोक जमत राहिले. कागदावर मराठी बोलणारे इकडचे अल्पसंख्य झाले, हिंदी बोलणारे तिकडचे. जत्रेत मात्र कोणी कोणाची नोंद तपासत नाही. दर्शनाच्या रांगेत पुढचा बालाघाटी हिंदीत बोलतो, मागचा झाडीबोलीत, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली म्हातारी पोवारीत दोघांनाही पुढे सरकायला सांगते.

घरांपेक्षा वेस प्रिय असण्याचे सगळ्यात मोठे कारण मात्र वेगळेच वाटते. घरातली भक्ती घर असणाऱ्यालाच जमते. देवघराला भिंत लागते, समईला तेल लागते, सकाळची पूजा करायला सकाळ मोकळी लागते. ज्याला हे काहीच नाही त्याने काय करायचे? चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात चिमणीने आणि निळवीने देवाच्या वेदीशी घरटे बांधल्याचे चित्र आहे. मालकी नाही, भाडे नाही, कोणी हुसकावत नाही. असे आश्रयाचे ठिकाण फक्त सर्वांच्या जागीच असू शकते.

पंडिता रमाबाईंना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचे आईवडील पुराणे सांगत तीर्थातीर्थांतून हिंडत. घर असे नव्हतेच, देवळाचे आवार हाच निवारा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ते दोघेही उपासमारीने गेले. वीसेक वर्षांनी, १८९६-९७ साली, मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुलीबायांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. या मुलींना याकोबाच्या घरांपैकी एकही घर नव्हते. त्यांच्या वाट्याला आधी आले ते सगळ्यांनी मिळून बसायचे सभागृह आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी.

पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल बायकामुलींना कळेल अशा साध्या मराठीत आणले. काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल केडगावच्याच छापखान्यात छापले गेले, आणि तिथले खिळे जुळवत होत्या त्या आश्रमातल्याच स्त्रिया. म्हणजे सियोनेच्या वेशींचे हे स्तोत्रही, अक्षर अक्षर करून, घर हरवलेल्यांच्या आश्रमातच जुळवले गेले. मराठीतल्या ग्रंथमुद्रणाच्या इतिहासात यापेक्षा हृद्य प्रसंग शोधून सापडणार नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. देव चराचरात आहे, मग त्याला जागेचे प्रेम कसले? आपल्या संतांनीही तीर्थांना धोंडापाणी म्हणून फटकारले आहे. बायबल तर हा आक्षेप स्वतःच घेते. शलमोन राजा मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी, म्हणजे सगळ्यात मोठ्या मिरवणुकीच्या दिवशी, उभा राहून कबूल करतो की स्वर्गातही जो मावत नाही तो या घरात काय मावणार. येशू विहिरीवरच्या शोमरोनी बाईला सांगतो की या डोंगरावर की यरुशलेमात, हा वादच संपायची वेळ आली आहे. पण हाच येशू दोघे-तिघे आपल्या नावाने जमतील तिथे आपण हजर असल्याचेही सांगतो. डोंगर सुटला तरी जमणे सुटले नाही. देवाला जागा लागत नाही, माणसांना लागते. आणि ज्याचे माणसांवर प्रेम आहे त्याचे त्यांच्या जमण्याच्या जागेवर प्रेम असणार, यात तर्काला कुठे अडखळायला होते?

त्या प्रेमाला अट आहे. ती यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या वेशीतच उभे राहून सांगितली. देवाचे मंदिर, देवाचे मंदिर, असा जप करू नका. परका, अनाथ, विधवा यांना नाडाल तर हे घरही शिलोच्या जुन्या मंदिरासारखे उजाड होईल. ही घरे खरोखरच उजाड झाली. दुसऱ्यांदा बांधलेल्या मंदिराला हेरोदाने वैभव आणले, पण त्याच्या आवारात दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत इशारा कोरलेला होता: परजातीयाने याच्या पुढे पाऊल टाकल्यास मृत्यूला तोच जबाबदार. तो दगड १८७१ साली सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ज्या देवाने बाबेल आणि मिसर यांची नावे आपल्या वहीत लिहिली, त्याच्याच अंगणात हा दगड उभा केला गेला. यशयाने ज्याला सगळ्या राष्ट्रांचे प्रार्थनाघर म्हटले, त्या घरातला राष्ट्रांसाठीचा चौक सराफांच्या चौरंगांनी आणि कबुतरांच्या पिंजऱ्यांनी भरला होता. येशूने ते चौरंग उलथले.

मराठी वाचकाला तो दगड पाहायला इस्तंबूलला जायची गरज नाही. मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना चोखोबा कोसळलेल्या भिंतीखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला वेशीच्या आत घेतले नाही, तो गावाची भिंत बांधताना मेला आणि देवाच्या दारात कायमचा बसला. सहा शतके तिथून वारकरी गेले. चोखोबाच्या समाधीवर माथा टेकून लोक आत जात होते आणि चोखोबाच्या जातभाईंना बाहेर ठेवत होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडातही मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तेव्हाचे बालाघाट त्याच कायद्याखाली होते.

ख्रिस्ती मंडळींनीही यात हात झटकू नयेत. तामिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातवार बसण्यासाठी आत भिंत घातलेली होती, आणि ती पाडायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि शनिशिंगणापूरचा चौथरा? सार्वजनिक पूजास्थानी सर्वांना प्रवेश देणारा कायदा १९५६ चा. चौथऱ्यावर स्त्रियांना पाऊल ठेवता आले ते २०१६ च्या गुढीपाडव्याला, तेही उच्च न्यायालयाने त्या कायद्याची आठवण करून दिल्यावर.

आजचा कठडा पैशाचा आहे. मोठ्या देवस्थानांत पासची खिडकी वेगळी, ओळखीची खिडकी वेगळी, आणि धर्मदर्शनाची रांग लोखंडी पिंजऱ्यांतून वळसे घेत जाते. चाळीस कोसांवरून चालत आलेला वारकरी सात-आठ तास उभा राहतो आणि मागून आलेली गाडी थेट दाराशी लागते. व्यवस्थेला खर्च येतो हे खरेच. तो देणगीतून उभा करावा, भक्तनिवासातून करावा. दर्शनाच्या क्रमाची विक्री बंद झाली पाहिजे, कारण देवापुढे सगळे सारखे उभे राहतात ही एकच गोष्ट त्या जागेला घरातल्या देवघरापेक्षा मोठी करते. ती विकली तर उरते ते आलिशान देवघर.

हावडा मार्गावरच्या त्याच रुळांवर आणखी एक गोष्ट घडली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी भेटला. गप्पा काव्याकडे गेल्या, मग धर्माकडे, आणि उतरताना टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत आली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यात घर मोडले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते सारे 'स्मृतिचित्रे'त ज्या निर्मळपणे सांगितले आहे त्याला तोड नाही. इथे सांगायचे ते एवढेच की पुस्तक एकट्याने वाचून देवाकडे आलेला हा माणूस एकटा राहिला नाही. अहमदनगरच्या मंडळीत त्याला उपासना परकी वाटली, तेव्हा ती सोडून देण्याऐवजी त्याने तिला मराठी गळा दिला. पदे रचली, अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आज मराठी मंडळ्या ज्या 'उपासना संगीत'मधून गातात, त्यात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. मरणापूर्वी दोन वर्षे, १९१७ साली, साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र बसता यावे म्हणून.

विदर्भात आणि त्याला लागलेल्या मध्य प्रदेशातल्या गावांत याच ओढीने काम केले ते तुकडोजी महाराजांनी. खंजिरी वाजवत गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याला दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे सामुदायिक प्रार्थना. गुरुकुंज मोझरीत आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांत ती आजही होते. संध्याकाळची ठरलेली वेळ, सरळ ओळी, ताठ बसणे, सगळ्यांचा एक स्वर. पाटील आणि सालदार एकाच सतरंजीवर. समोर मूर्ती नसते. असते ते अधिष्ठान, स्वच्छ चादर घातलेले रिकामे आसन. यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या परमपवित्रस्थानातही काही नव्हते. रोमी सेनापती पाँपी इसवीसनापूर्वी ६३ साली आत घुसला तेव्हा त्याला मूर्ती सापडली नाही. मोझरी आणि यरुशलेम यांचा काही संबंध नाही. पण सगळ्यांना सामावून घ्यायचे तर मध्ये रिकामी जागा ठेवावी लागते, हे दोन्हीकडच्या माणसांना उमगले होते. 'ग्रामगीते'च्या एकेचाळीस अध्यायांत महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र जागा दिली, कारण गाव एका वेळी एका ठिकाणी शांत बसले की त्याला स्वच्छता, भांडणे, शाळा, विहीर यांवरही बोलता येते असा त्यांचा अनुभव होता.

कोरोनाच्या काळात ही सगळी दारे लागली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे मार्च २०२० पासून त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्यापर्यंत बंद होती. दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली ती २०२१ च्या घटस्थापनेला उघडली. पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ते करणे भागच होते, माणसे वाचवायची होती. त्या काळात पडद्यावर काकडआरती आली, मिस्सा आला, गुरबाणी आली, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा आधार झाला, आजही होतो. पण साथ ओसरल्यावर धडधाकट माणसेही पडद्यापुढेच राहिली, ही काळजीची गोष्ट आहे. पडद्यावर देव दिसतो, शेजारी दिसत नाही. मागच्या ओळीतली म्हातारी दोन रविवार का आली नाही, हे पडद्यावर कळत नाही. प्रसादाच्या पंगतीत मीठ वाढायला कोणी हाक मारत नाही. मुलाला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा राहिलेला बाप जे शिकवतो ते शिकवण्यासाठी दुसरी शाळा नाही.

शिवाय शहरांत प्रत्येक सोसायटीने आपल्यापुरते देऊळ करून फाटक लावायची रीत वाढते आहे. त्याला सियोनेची वेस म्हणता येणार नाही. ते याकोबाचे घरच, जरा मोठे.

घर आणि वेस यांतला हा फरक मराठी मुलखात सगळ्यात लख्ख दिसतो तो बेने इस्राएल समाजात. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. ग्रंथ हरवले होते, हिब्रू विसरली होती. उरले होते ते घरातले शब्बाथ, सुंता, उपास आणि एक छोटी प्रार्थना. याकोबाच्या घरांनी याकोबाला जपले, यात शंका नाही. पण सभास्थान असे एकही नव्हते. मग सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतला अधिकारी, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटून आला आणि त्याने १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. नाव ठेवले शआर हारहमीम, दयेची वेस. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरून पडल्याचे सांगतात. एकदा वेस मिळाली आणि शंभर वर्षांच्या आत या समाजाने मराठीत प्रार्थनापुस्तके छापली, कीर्तने रचली, शाळा काढल्या. घरांनी जे राखले होते ते वेशीत येऊन वाढले.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. सिनेगॉग अजून आहे. यहुदी रीतीप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात. प्रत्येक जण आपापली प्रार्थना कधीही करू शकतो, पण काही प्रार्थना दहा झाल्याशिवाय उच्चारायच्याच नाहीत. म्हणून अशा सभास्थानांत नऊ माणसे पुस्तके मिटून बाकांवर बसून राहतात, एक जण दारापर्यंत जाऊन रस्त्यावर पाहून येतो, आणि दहावा येईपर्यंत सगळे थांबतात.